आक्कांचा धावदोरा

गोधडीच्या टाक्याला ‘धावदोरा’ हे नाव ज्या कुणी दिलं, त्यानं आमच्या आक्कांना शिवताना नक्कीच पाहिलं नव्हतं. आक्कांच्या हातातला दोरा कधी धावला नाही. सुई कापडात शिरायची आणि तिथंच थांबायची. मग आक्का मान वर करून अंगणातल्या शेळीकडे बघायच्या, शेळीशी दोन शब्द बोलायच्या, पदरानं चष्मा पुसायच्या, आणि एवढं सगळं झाल्यावर सुई दुसऱ्या बाजूनं बाहेर यायची. तोवर माझी भाजी चिरून, फोडणीला पडून, शिजायलाही आलेली असायची.

आक्का म्हणजे माझ्या थोरल्या नणंदबाई. लग्नानंतर थोड्याच दिवसांत नवरा गेला आणि त्या गोरेगावला माहेरी परत आल्या, त्या कायमच्या. अख्खं गाव त्यांना आक्का म्हणायचं, म्हणून मीही आक्काच म्हणू लागले. मी हिंगोलीची. माझे वडील रेल्वेत होते आणि आमच्या घरात तव्यावरची भाकरीसुद्धा गाडीच्या वेळेवर उलटायची. काम हातात घेतलं की संपवायचं आणि मगच पाणी प्यायचं, हे मला आईनं शिकवलेलं. अशा घरातून मी आले आणि माझ्या कपाळी आक्का आल्या. देव जोड्या लावतो म्हणतात, त्या फक्त नवरा-बायकोच्याच नसतात.

आक्का सगळ्याच बाबतीत सावकाश होत्या. चहा पूर्ण निवल्याशिवाय त्या कपाला हात लावत नसत. “चहा का पळून चालला?” असं वर विचारायच्या. बाजाराच्या दिवशी त्या पिशवी घेऊन निघायच्या तेव्हा समोरून लोक भरलेल्या पिशव्या घेऊन परत येत असायचे. त्या पोचेपर्यंत पालं उतरलेली, उरलीसुरली वांगी तेवढी गोणपाटावर पडलेली. ती वांगी आक्का एकेक उचलून, फिरवून, देठ बघून घ्यायच्या. आमच्या घरी आठवडाभर किडकी वांगी असायची ती अशी. मी काही बोलले तर हे हसायचे आणि म्हणायचे, “तू आक्काला बदलायला निघालीस? माझ्या मायला जमलं न्हाई.” सासूबाईंना ते जमलं होतं, चांगलंच जमलं होतं, हे मला फार पुढं कळलं.

एक गोष्ट कबूल करायला हवी. वाकळ, म्हणजे गोधडी, शिवण्याची आक्कांना मनापासून हौस होती. कुणी सांगितलं म्हणून नव्हे, गरज म्हणूनही नव्हे. दुपारी भांडी आवरली की त्या अंगणातल्या निंबाखाली जुनं धोतर अंथरायच्या, चारी कोपऱ्यांवर दगड ठेवायच्या, त्यावर लुगड्यांचे तुकडे मांडायच्या आणि नुसत्या बघत बसायच्या. कधी कधी अख्खी दुपार बघण्यातच जायची. संध्याकाळी दगड उचलले, घडी केली, झालं. मी विचारायची, “आक्का, आज काय शिवलं?” त्या समाधानानं म्हणायच्या, “आज मांडून पाह्यलं.”

आमच्या सासरी एक रीत होती. लेकराचं नाव जशी आत्या ठेवते, तशी लेकराची पहिली वाकळही आत्यानंच शिवायची. आणि एकदा का आत्यानं त्या लेकराच्या नावानं पहिला टाका घातला, की दुसऱ्या कुणी त्याच लेकरासाठी सुई हातात धरायची नाही. धरली तर लेकराला दृष्ट लागते, असं जाऊबाईंनी मला बजावून सांगितलं होतं. जाऊबाईंच्या दोन्ही मुलांच्या वाकळा, मी या घरात येण्याआधीच, बारशाच्या आधी तयार होऊन पाळण्याजवळ घडी घालून ठेवलेल्या होत्या. पुढं सासूबाई वारल्या, आणि वर्षभरात माझी शालू झाली. बारशाला आक्कांनी शालूच्या कानात नाव सांगितलं, तेही इतकं सावकाश की नाव पुरं व्हायच्या आत पोरगी झोपली. त्याच दिवशी दुपारी त्यांनी माझं हिरवं लुगडं मागून घेतलं, निंबाखाली अंथरलं आणि शालूच्या नावानं पहिला टाका घातला. मी खूश झाले. पुढं काय वाढून ठेवलंय याची मला काय कल्पना!

शालू पालथी पडायला लागली, वाकळ झाली नाही. रांगायला लागली, वाकळ झाली नाही. मधेच दुष्काळाचं वर्ष आलं. त्या वर्षी घरात जुनं कापड म्हणून उरलंच नाही. फाटलेलं तेच पुन्हा अंगावर चढत होतं. वाकळीला तुकडा आणायचा कुठून? आक्कांनी वाकळ गुंडाळून लोखंडी पेटीत ठेवली. आधीच उल्हास आणि त्यात फाल्गुनमास. आक्कांची तेवढीच एक सबब मला खरी वाटली. बाकीच्यांचं काय सांगू? ढग आले म्हणून उजेड नाही. दोरा मनासारखा नाही. “कापड अजून थकलं न्हाई, कुसुम. थकल्याबिगर कापड मऊ येत न्हाई.” कापड थकण्याची वाट बघून बघून मीच थकले होते.

तोवर शालू चालायला लागली आणि एक नवीनच पंचाईत झाली. आक्कांनी वाकळ तान्ह्या लेकराच्या मापाची मांडली होती. ती अर्धी होईपर्यंत पोरगी वाकळीपेक्षा लांब झाली. आक्कांनी शालूला वाकळीवर आडवं निजवलं, पाय कुठवर येतात ते पाहिलं, आणि मुळीच न चिडता म्हणाल्या, “पट्टी लावावी लागती.” मग ह्यांच्या जुन्या सदऱ्याची एक पट्टी खालून जोडली. ती पट्टी शिवून होते ना होते तोच शालू आणखी वाढली. मग जाऊबाईंच्या लाल पातळाची पट्टी. मग सासूबाईंच्या ठेवणीतल्या काळ्या चंद्रकळेची. पोरगी पुढं आणि वाकळ मागं, अशी ती शर्यत वर्षानुवर्षं चालली. वरातीमागून घोडं म्हणतात ते याला. थंडीत शालू हिंगोलीहून आणलेल्या बाजारी चादरीत आणि माझ्या पातळात गुंडाळून झोपायची, सकाळी तिचे पाय गार लागायचे. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा.

आक्कांची आणखी एक सवय होती आणि तिनं माझा सगळ्यात जास्त अंत पाहिला. एक ओळ शिवून झाली की त्या वाकळीवर वाकून त्या ओळीवरून गाल फिरवायच्या. गालाला कुठं टोचलं, कुठं दोरा ताठ लागला, की ती ओळ उसवायची. अख्खी. आमच्या डोळ्यांना दिसत नव्हता असा दोष त्यांच्या गालाला सापडायचा. “लेकराच्या अंगावर राह्यची हाय,” त्या म्हणायच्या, “लेकराची कातडी का आपल्यासारखी राठ असती?” लेकरू एव्हाना अंगणात गोट्या खेळत होतं, गुडघे फोडून घेत होतं, बाभळीचे काटे पायातून स्वतः काढत होतं. त्याच्या कातडीची काळजी आता फक्त आक्कांनाच उरली होती.

आमच्या शेजारी राधाबाई राहायच्या. त्यांनी एका बाजाराला शिवायला घेतलेली वाकळ पुढच्या बाजाराला दोरीवर वाळत असायची. लेकीची झाली, भाचीची झाली, भाचीच्या जावेचीही झाली. एकदा त्या नवी वाकळ खांद्यावर टाकून मुद्दाम आमच्या अंगणात दाखवायला आल्या. “काय आक्का, तुमची अजून सुईवरच हाय व्हय?” आक्कांनी ती वाकळ हातात घेतली, उलटी-सुलटी पाहिली, मोठ्या मायेनं घडी केली. “लई चांगली झाली बघ, राधा. तुझा हात चालतो. माझा बसतो. दोघींचंबी बराबर हाय.” राधाबाईंना चिमटा काढायचा होता, तो लागलाच नाही. तो मलाच लागला.

आणि तो नुसता चिमटा राहिला नाही. एक दिवस विहिरीवर राधाबाई दुसऱ्या एकीला म्हणाल्या, मला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाल्या, “पोरांच्या वाकळा बारशाला तयार व्हत्या की. हितं पोरगी झाली म्हून सुई चालंना.” माझ्या हातातला घडा तसाच राहिला. इतकी वर्षं मी चिडत होते, पण हे माझ्या मनात आलं नव्हतं. आणि एकदा आल्यावर जाईना. खरंच की. जाऊबाईंच्या दोन्ही मुलांच्या वाकळा वेळेवर झाल्या होत्या. माझ्याच लेकीच्या वेळी कापड थकत नव्हतं, दोरा मनासारखा मिळत नव्हता. माझ्या लेकीला या घरात जागा आहे की नाही, हे एका वाकळीनं ठरायचं होतं आणि ती वाकळ अजून सुईवरच होती.

मी तशीच घरी आले. आक्का निंबाखाली बसल्या होत्या, सुई कापडात अर्धी. मी घडा खाली आपटला.

“आक्का, एक इचारते, खरं सांगा.”

“इचार की.”

“भाऊजींच्या दोन्ही पोरांच्या वाकळा बारशाला झाल्या. माझ्या शालूची काहून न्हाई? पोरगी हाय म्हणून?”

आक्कांनी सुई काढली आणि पदराला टोचून ठेवली. शिवता शिवता हातातली सुई बाजूला ठेवताना मी त्यांना तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

“त्या वाकळा म्या केल्या न्हाईत, कुसुम,” त्या म्हणाल्या. “माझ्याकडून करून घेतल्या.”

मला काही कळेना. त्या नेहमीसारख्याच सावकाश बोलत राहिल्या.

“माय समोर बसून राह्यची. झालं का? झालं का? जेवाया उठले की म्हणायची, फुकटची भाकर खाती, हात तरी उचल. ह्या घरात माझा घास त्या सुईच्या टोकावर व्हता. बोटं सुजायची. टाका कसा पडला ते पाहाया बी मिळायचं न्हाई. त्या वाकळा कशा दिसतेत ते आज बी मला आठवत न्हाई, सांग.” त्यांनी मांडीवरच्या माझ्या हिरव्या लुगड्यावरून हात फिरवला. “आता माय न्हाई. कोणी इचारणारं न्हाई. म्हून ही मी करून राहिले. माझ्या मनानं. पयली हाय ही माझी. तेवढं तू मला झालं का म्हणू नको.”

मी तिथंच बसले. एवढी वर्षं हे घर ज्या बाईला हौशी म्हणत आलं, तिची हौस सासूबाई गेल्यावर सुरू झाली होती. आणि त्या हौसेतली पहिली वाकळ माझ्या लेकीच्या वाट्याला आली होती. पण माझा स्वभावही माझाच. डोळे पुसले आणि म्हणाले, “ते समदं खरं, आक्का. पण पोरीचे पाय उघडे पडून राहिले, त्याचं काय?”

आक्का मोठ्यानं हसल्या. “पाय वाढून राहिले म्हणजे पोरगी बरी हाय. आणखी एक पट्टी लावू.”

त्या दिवसापासून मी ‘झालं का’ म्हटलं नाही. म्हटलं नाही एवढंच; न म्हणण्यात जो जीव जातो तो म्हणण्यात जात नाही, हे तेव्हा कळलं. निंबाखालून जाता-येता माझी नजर वाकळीवर जायची आणि आक्का मान वर न करता म्हणायच्या, “डोळ्यानं बी इचारू नको.” आता मला कारण माहीत होतं, म्हणून राग कमी झाला असेल असं कुणाला वाटेल. अजिबात नाही. पूर्वी रागावता तरी येत होतं. आता रागवायचीही चोरी झाली.

शालू शाळेत जायला लागली आणि आक्कांशेजारी बसून पाढे म्हणायला लागली. तिच्या पाढ्यांच्या तालावर टाके पडतील अशी मला वेडी आशा होती. उलटंच झालं. आक्कांच्या टाक्यांच्या तालावर पाढे पडू लागले. “बे एके बे,” म्हणून पोरगी थांबायची, शेळीकडे बघायची. मी डोक्याला हात लावला.

पहिल्या टाक्याला दहा वर्षं होत आली तेव्हा ह्यांना औरंगाबादला कारखान्यात नोकरी लागली. बिऱ्हाड हलवायचं ठरलं. निघायच्या आदल्या दिवशी मी आक्कांना फक्त एवढंच म्हणाले, “आक्का, आम्ही उद्या सकाळच्या गाडीनं निघतो.” ‘झालं का’ म्हणाले नाही. आक्का म्हणाल्या, “व्हय. ठाऊक हाय.”

सकाळी आम्ही सगळे एसटीच्या थांब्यावर पोचलो. ट्रंका टपावर चढल्या, एक तेवढी खाली राहिली. सगळं गाव निरोपाला आलं, आक्का नाहीत. ड्रायव्हरनं गाडी सुरू केली. तेव्हा लांबून आक्का येताना दिसल्या, बगलेत वाकळ, आपल्या नेहमीच्या चालीनं. मला वाटलं, झाली! इतक्या वर्षांनी झाली! त्या आल्या, आमच्या राहिलेल्या ट्रंकेवर बसल्या, वाकळ मांडीवर उलगडली आणि पदराची सुई काढली.

“आक्का!” मी ओरडले.

“एक कोपरा राह्यला हाय,” त्या म्हणाल्या. “तोंड शिवायचं हाय फकस्त.” कनवटीचं एक हळकुंड काढून त्यांनी त्या उघड्या कोपऱ्यात सारलं. “वाकळ उपाशीपोटी परगावी धाडू नये.” आणि त्या शिवायला लागल्या. थांब्यावर. एसटीच्या इंजिनाच्या धडधडीत. कंडक्टर दारातून म्हणाला, “ओ आक्का, गाडीत बसायचं का शिवायचं?” ड्रायव्हरनं लांबलचक हॉर्न वाजवला. आक्का म्हणाल्या, “थांब रे लेकरा. तुला का तकलीफ व्हऊन राहिली?” आणि नवल म्हणजे तो थांबला. सगळी गाडी खिडक्यांतून माना काढून बघत होती. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं होतं. कोपरा शिवून झाला. आणि मग आक्का वाकल्या आणि त्या टाक्यांवरून गाल फिरवला.

“उसवू नका,” मी अक्षरशः हात जोडले. “आक्का, तुमच्या पाया पडते, उसवू नका.”

त्यांनी उसवलं.

पुन्हा घातला, एकेक टाका, अगदी हळू. तोवर कंडक्टरनं घंटी वाजवली, कुणी तरी ट्रंक आक्कांखालून ओढून वर चढवली, ह्यांनी मला आणि शालूला आत ढकललं. गाडी हलली. आक्का खिडकीच्या बाजूनं दोन पावलं चालल्या आणि वाकळ खिडकीतून शालूच्या मांडीवर दिली. सुई त्यातच होती, दोरा लोंबत होता.

“गाठ राह्यली,” त्या म्हणाल्या. “आल्यावर मारते. कुसुम, तू मारू नको. तुझी गाठ घाईची असती.”

औरंगाबादला पहिल्याच दिवशी मी शालूला ती वाकळ पांघरली. डोक्यापासून पायापर्यंत बराबर आली, वर वीतभर उरली सुद्धा. इतक्या वर्षांत पहिल्यांदा वाकळीनं पोरीला गाठलं होतं. आणि मऊ किती म्हणून सांगू! गालाला कुठं एक टाका लागेल तर शपथ. मी सुई काढून कुंकवाच्या करंड्यात ठेवली, दोऱ्याचं टोक तसंच राहू दिलं. एक गाठ. डोळ्याचं पातं लवायच्या आत मारली असती. पण आक्कांनी सांगितलं होतं, म्हणून नाही मारली. दिवाळीला जाऊ म्हटलं तर ह्यांना सुट्टी मिळाली नाही. उन्हाळ्यात जाऊ म्हटलं. उन्हाळ्याच्या आधीच निरोप आला.

आक्का सकाळी चहा समोर घेऊन बसल्या होत्या, तो निवायची वाट बघत. चहा निवला आणि आक्का नव्हत्या. जन्मभर एकही काम पटकन न केलेल्या त्या बाईनं तेवढं एक पटकन केलं, आणि तेच करायला नको होतं. आम्ही पोचलो तेव्हा सगळं उरकलेलं होतं. मी निंबाखाली जाऊन बसले आणि रडले, आणि रडता रडताही मला त्यांचा राग येत होता. आल्यावर मारते म्हणाल्या होत्या. आम्ही आलो होतो की.

त्या मोकळ्या टोकानं मला पुढं फार छळलं. दर धुण्याला कोपरा सुटायचा, हळकुंड बाहेर यायचं, दगडावर पिवळा डाग पडायचा. मी चरफडत हळकुंड पुन्हा आत सारायची, दोरा ओढून घ्यायची. शेजारणी म्हणायच्या, अहो, एक गाठ मारून टाका ना. मी त्यांना काय सांगणार? घरातली बाकी सगळी कामं मी आजही एका बैठकीत संपवते. राहिलंय ते तेवढंच.

शालूचं लग्न झालं. सासरी जाताना तिनं भांडी नको म्हटलं, पितळेचा हंडा नको म्हटलं, वाकळ मात्र आपणहून ट्रंकेत घातली. मग पुन्हा काढून माझ्यासमोर धरली. “आई, आता तरी ही गाठ मार. तिकडं कुणाला सांगत बसू?”

खरं होतं तिचं. मी करंड्यातली सुई काढली, दोरा ओवला, टोक बोटांत धरलं. कोपऱ्यावरून गाल फिरवला. हिरवं लुगडं माझं, सदरा ह्यांचा, लाल पातळ जाऊबाईंचं, काळी चंद्रकळा सासूबाईंची. बाहेर गाडीवाला हॉर्न वाजवत होता. जावई दारात घड्याळ बघत उभे होते.

“आई, एका गाठीला इतका वेळ लागतो का गं?” शालू चिडून म्हणाली.

मी सुई वाकळीत टोचली, घडी केली आणि तिच्या हातात दिली.

“राहू दे,” मी म्हटलं. “आल्यावर मारते.”